कडू कवठाचे तेल आणि डॉक्टर भाऊ दाजी



श्रीदत्तजयंतीच्या आधी सात दिवस आमच्या पंचवटीतल्या घरी श्रीगुरुचरित्राचे पारायण होते. वडिलांच्या माघारी गेली एकोणीस वर्षे वाचायला मी बसतो. त्यांतली चार वर्षे मी सोवळे घोट्याच्याही खाली ओढून बसलो, कारण उजव्या नडगीवर तळहाताएवढा चट्टा होता. दिवसभर तो गप्प असे, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की अशी कंड सुटे की झोपेतच खाजवून खाजवून रक्त काढायचो. सकाळी चादरीला डाग.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक मलम दिले. आठ दिवसांत आराम, आणि सोडले की दुप्पट. असे दीड वर्ष चालले. त्यात नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पाय पाहिला आणि हळूच महारोगाचे नाव काढले. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मी तेव्हापासून पाय कुणालाच दाखवला नाही, डॉक्टरांना तर मुळीच नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी नंदीशर्म्याची कथा येते. त्याचे कोड गेले, पण मांडीवर एवढासा डाग राहिला, कारण मनात संशय होता. ते वाचताना दर वर्षी माझा आवाज बसायचा. संशय मलाही होताच, पण तो देवाविषयी नव्हता, माझ्याच पायाविषयी होता.

सौभाग्यवतींचे माहेर सावंतवाडीकडचे. तिच्या मावशीने कडू कवठाच्या तेलाची बाटली पाठवली. खरजेला, खाजेला कोकणात हे तेल घरोघर लावतात. वास उग्र, आणि मला त्याने फार गुण आला असेही नाही. पण बाटलीबरोबर मावशींनी निरोप पाठवला होता, की हे आमच्या भाऊ दाजींचे औषध. मुंबईत भायखळ्याला त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय पाहिले होते, त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. मग वाचनालयातून जे मिळाले ते वाचून काढले. तेच इथे मांडतो.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे खरे नाव. गोव्यातल्या पेडण्याजवळचे मांद्रे हे गाव. घरची गरिबी, वडील मातीच्या बाहुल्या करून विकायचे. मुलगा बुद्धिबळात असा तरबेज, की मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांच्या नजरेत भरला आणि इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी झाली असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळवले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्याच्या अगदी पहिल्या तुकडीत ते होते, आणि १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. धाकटे भाऊ नारायणही डॉक्टरच. दोघांनी मिळून गोरगरिबांना फुकट औषध द्यायचा दवाखाना चालवला.

बाकीचा पसारा सांगायला हा अंक पुरायचा नाही. अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिले, मुलींच्या शाळांना आधार दिला, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. १८६२ साली वैष्णव महाराजांच्या गाजलेल्या खटल्यात ते साक्षीला उभे राहिले. धर्माच्या गादीवर बसून कोणी वाटेल ते करावे हे त्यांना मान्य नव्हते. आपल्यासारख्या भाविकांनी हे त्यांच्या जमेलाच धरावे असे मला वाटते.

पण माझा जीव गुंतला तो त्यांच्या कुष्ठरोगाच्या कामात. नवी विद्या शिकलेला हा डॉक्टर जुने संस्कृत वैद्यकाचे ग्रंथ उघडून बसला. त्यातली औषधे खरी किती आणि नुसती कीर्ती किती, ते रोग्यांवर पारखून पाहायचे, ही त्यांची रीत. सुश्रुताने कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे. तुवरक म्हणजेच आपले कडू कवठ. सह्याद्रीच्या उतारावर हे झाड आहे, भाऊंच्या गावाकडचेच म्हणा ना. ज्यांना गावाबाहेर काढले जाई त्यांना भाऊंनी जवळ बसवून हे औषध दिले. कोणते औषध ते मात्र बरीच वर्षे उघड केले नाही. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, आणि मला ती अगदीच गैर वाटत नाही. रोग्याचा जीव टांगणीला असतो, त्याला वैद्याच्या गुपिताशी काय करायचे? पण प्रयोग अर्धा असताना नाव फोडले की बाजारात भोंदू उभे राहतात, हेही खरे.

शेवट सुखाचा नाही. १८६५ च्या शेअरबाजाराच्या बुडीत त्यांचा पैसा गेला, पुढे अंगावरून वारे गेले, आणि १८७४ साली, काम अपुरे ठेवून, ते वारले. तेल पोटात घेतले की मळमळून उलटी होई, ही अडचण राहिलीच होती. ती तिकडे हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तरुण मुलीने १९१५ च्या सुमारास सोडवली. तेलाला सुईतून टोचता येईल असे रूप तिने दिले. तीही चोविसाव्या वर्षीच गेली. १९४० नंतर डॅप्सोनच्या गोळ्या आल्या आणि तेल मागे पडले. आज सरकारी दवाखान्यात या रोगाची औषधे फुकट मिळतात आणि रोगी पुरता बरा होतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. भाऊंनी ज्यांना जवळ बसवले, त्यांच्यासारखा मी दिसेन म्हणून चार वर्षे लपत होतो! दुसऱ्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला डोळे मिटायला सांगून कापसाचा धागा चट्ट्यावर फिरवला. मला तो लगेच कळला. कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो, त्याला स्पर्श कळत नाही, आणि माझा तर खाजून जीव घेत होता. त्यांनी आणखी एकदोन गोष्टी तपासल्या आणि इसब असल्याचे सांगितले. औषधवाल्याच्या मलमाने कातडी पातळ झाली होती, आणि खाजवण्यानेच खाज वाढत होती. इलाज अगदी साधा: कडकडीत पाण्याची आंघोळ बंद, अंग ओलसर असतानाच खोबरेल, नखे बारीक, रात्री नडगीला सुती पट्टी, आणि त्यांनी लिहून दिलेले मलम मोजून तेवढेच दिवस. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा सलग रात्रभर झोपलो. सौभाग्यवतींना वाटले, मला बरे नाही की काय, म्हणून त्यांनी पहाटे हलवून उठवले.

काळपट वण अजून आहे. थंडीत कधी कधी खाज डोके वर काढते, मग पट्टी बांधतो. मावशींची बाटली कोनाड्यात तशीच आहे. यंदा पारायणाला बसलो तेव्हा सोवळे नेसले होते तसेच राहू दिले. नंदीशर्म्याच्या कथेला नात शेजारी येऊन बसली आणि माझ्या नडगीवरच्या वणावर बोट ठेवून विचारू लागली, की आजोबा, याचा डाग पण असाच होता का?