विश्लेषण : रेडिओवरच्या ‘होमजी सिस्टर्स’ ते मालाडच्या सरस्वतीदेवी… खोर्शेद मिनोचर-होमजी यांना नाव का बदलावे लागले?

ऑर्गन, सतार, दिलरुबा आणि मेंडोलिन. एकाच बैठकीत ही चार वाद्ये ऐकायला मिळणे आजही दुर्मीळच. जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका पारशी घरातल्या बहिणी हा मेळ जमवून रेडिओवर वाजवीत. त्यांच्यापैकी खोर्शेद पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजची संगीतकार झाली. मात्र तिचे स्वतःचे नाव कधी पडद्यावर झळकले नाही. तिथे आले ते सरस्वतीदेवी हे नाव. ते तिने हौसेने घेतलेले नव्हते.

‘होमजी सिस्टर्स’ कोण होत्या?

खोर्शेद मिनोचर-होमजी यांचा जन्म १९१२ चा, मुंबईच्या एका पारशी व्यापारी कुटुंबातला. मुलीला गाण्याची ओढ आहे हे वडिलांनी ओळखले आणि तिला थेट पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे धाडले. पारशी मुलगी आणि धृपद-धमार, ही जोडी आज ऐकायला विचित्र वाटेल. पण मुंबईत तिला जुनी परंपरा होती. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती. वाळकेश्वरचे तरुण भातखंडे १८८४ च्या सुमारास या मंडळीत आले आणि देशभरच्या गायकांना ऐकण्याची, बंदिशी टिपून घेण्याची त्यांची सुरुवात तिथूनच झाली. म्हणजे ज्या समाजाच्या मंडळीत भातखंडे घडले, त्याच समाजातली एक मुलगी त्यांच्या उतारवयात त्यांच्यापुढे शिकायला बसली. पुढे भातखंडे यांच्याच प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज उभे राहिले. खोर्शेद तिथेही शिकल्या.

दरम्यान, २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. (ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चे.) या केंद्रावर खोर्शेद आणि बहीण माणेक यांचे कार्यक्रम नियमित होऊ लागले आणि ‘होमजी सिस्टर्स’ हे नाव घरोघरी पोहोचले. सगळे थेट प्रक्षेपण. चूक झाली तर ती तशीच श्रोत्यांच्या कानावर जायची.

या वाद्यमेळात वेगळे काय होते?

ऑर्गन मराठी माणसाला अनोळखी नाही. संगीत नाटकाच्या पिटात पायाने भाता मारून वाजवली जाणारी ती पेटीच. मेंडोलिन मूळचे इटलीचे, तारांच्या चार जोड्यांचे, नखीने छेडायचे. सतार आपली. दिलरुबा गजाने वाजतो. त्याला सतारीसारखे पडदे असतात आणि खाली तरफेच्या तारा, त्यामुळे त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या बराच जवळ जातो.

खरी अडचण सुरांच्या जुळणीची. ऑर्गनचे सूर कारखान्यात पक्के झालेले असतात. कोमल गंधार थोडा उतरवून हवा किंवा एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घ्यायची म्हटले, तर तो हात वर करतो. मेंडोलिनही पडद्यांत अडकलेले. सतार आणि दिलरुबा मात्र तार खेचून किंवा बोट सरकवून हवी ती श्रुती गाठू शकतात. चौघांना एकत्र आणायचे तर कुणी कुठे गप्प बसायचे, कुणी नुसता आधार द्यायचा आणि कुणी राग बोलता करायचा, हे आधी ठरवावे लागते. वाद्यवृंदाची खरी रचना इथेच होते. हा वाद किती तीव्र होता याचा अंदाज पुढच्या घटनेवरून येतो. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. होमजी भगिनी ऑर्गन घेऊन त्याच माध्यमावर वाजवीत होत्या ते या बंदीच्या आधी.

त्या एकट्याच असे प्रयोग करीत होत्या असे नाही. पुढच्याच दशकात ‘प्रभात’मध्ये केशवराव भोळे पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार मराठी-हिंदी चित्रपटगीतांत आणत होते. फरक एवढाच की भोळे यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते.

मालाडला त्या कशा पोहोचल्या?

लखनऊच्या एका संगीत परिषदेत हिमांशू राय यांची या बहिणींशी भेट झाली, असे सांगितले जाते. राय तेव्हा आपल्या स्टुडिओसाठी शास्त्रीय बैठक असलेला संगीतकार शोधत होते. त्यांनी आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज सुरू केली, ती मालाडला एफ. ई. दिनशॉ यांच्या मालकीच्या बंगल्याच्या आवारात. त्या काळचे मालाड म्हणजे मुंबई नव्हे. बोरिवलीपर्यंत विजेवरची लोकल १९२८ मध्ये आली होती, पण मालाड मुंबई महापालिकेत आले ते थेट १९५७ मध्ये. झाडी, वाड्या, अधूनमधून श्रीमंतांचे हवापालटाचे बंगले, आणि त्यात जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग, ध्वनिमुद्रणाला इंग्रज लेन हार्टली! ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हते, तरी हिंदी चित्रपट तेच दिग्दर्शित करीत.

राय यांनी खोर्शेद यांना स्टुडिओतली संगीताची खोली दाखवली आणि ती ताब्यात घ्यायला सांगितले. त्यांना धृपद येत होते, वाद्यवृंद येत होता. चित्रपट मात्र येत नव्हता. त्यांनी होकार दिला. माणेक पडद्यावर काम करणार होत्या.

मग नाव का बदलले?

‘जवानी की हवा’ हा बॉम्बे टॉकीजचा पहिला चित्रपट १९३५ चा. दोन पारशी मुली सिनेमात काम करतात ही बातमी फुटली आणि समाजातल्या एका गटाने रान उठवले. चांगल्या घरातल्या मुलींनी रेडिओवर गाणे समाजाने चालवून घेतले होते, कारण तिथे चेहरा दिसत नव्हता. सिनेमा म्हणजे अब्रूचा प्रश्न. निषेध झाले, चित्रपट रोखण्याची मागणी झाली. कंपनीच्या संचालक मंडळावर पारशी मंडळीही होती. त्यांच्यावरही दबाव आला.

राय यांनी मुलींना काढले नाही. त्यांनी नावे काढली. खोर्शेद झाल्या सरस्वतीदेवी आणि माणेक झाल्या चंद्रप्रभा. विरोध करणाऱ्यांना काही ही माणसे बदललेली नाहीत हे ठाऊक होतेच, तरी समाजाच्या नावावर डाग नको, एवढी पळवाट सर्वांना पुरली. किंमत मात्र एकीनेच मोजली. रेडिओवर कमावलेले ‘होमजी’ हे नाव आणि चित्रपटांचे श्रेय यांची सांगड सर्वसामान्य श्रोत्याला कधी घालताच आली नाही. सरस्वतीदेवी म्हणजे कुणी उत्तर भारतीय हिंदू बाई असावी, अशीच आजही अनेकांची समजूत असते.

न गाणाऱ्यांकडून गाऊन कसे घेतले?

सरस्वतीदेवींचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम इथे आहे, आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते.

पार्श्वगायन अजून रुळले नव्हते. जो पडद्यावर, त्यानेच गायचे. देविकाराणी गायिका नव्हत्या. अशोक कुमार तर स्टुडिओच्या प्रयोगशाळेत कामाला होते. नायक ऐनवेळी बदलावा लागल्याने १९३६ च्या ‘जीवन नैया’मध्ये त्यांना कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. अशा दोन गळ्यांना घेऊन ‘अछूत कन्या’ची गाणी करायची होती. धृपद शिकलेल्या बाईंनी काय केले? त्यांनी आपली विद्या मागे ठेवली. चाल थोड्या सुरांच्या आत फिरेल अशी बेतली, ओळी आखूड ठेवल्या, श्वासाला जागा दिली, आणि वाद्यांना गळ्याच्या सोबतीने तीच चाल वाजवायला लावली, म्हणजे गाणारा घसरला तरी सावरला जाईल. ऑर्गनभोवती दिलरुबा सांभाळण्याची रेडिओवरची सवय इथे कामी आली. त्या वेळच्या चित्रीकरणात वादकांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, झाडामागे, झुडपाआड बसवावे लागे आणि गाणे व चित्र एकदमच टिपले जाई. तिथे भारी वाद्यवृंद शक्यच नव्हता. मोजकी वाद्ये ही गरजही होती आणि त्यांची खासियतही.

मॅरिस कॉलेजमध्येच शिकलेले एस. एन. त्रिपाठी त्यांच्या हाताखाली व्हायोलिन वाजवायला आले. पुढे ते पौराणिक चित्रपटांचे नामवंत संगीतकार झाले.

माणेक यांचा घसा बसला तेव्हा सरस्वतीदेवी स्वतः कॅमेऱ्याबाहेर उभ्या राहून गायल्या आणि माणेक यांनी नुसते ओठ हलवले, असा किस्सा सांगितला जातो. कोलकात्यात न्यू थिएटर्सच्या ‘धूपछाँव’मध्ये १९३५ साली पार्श्वगायन रीतसर सुरू झाले. त्याच सुमारास मालाडला ते अडचणीतून सुचले होते.

त्या ‘पहिल्या स्त्री संगीतकार’ होत्या का?

अनेक ठिकाणी तसे छापले जाते, पण ते बरोबर नाही. इशरत सुलताना ऊर्फ बिब्बो यांनी १९३४ च्या ‘अदल-ए-जहांगीर’ला संगीत दिले होते, आणि नर्गिसच्या आई जद्दनबाई यांनी १९३५ मध्ये ‘तलाशे हक’ला. सरस्वतीदेवींचा मान वेगळा आहे. एका मोठ्या स्टुडिओत पगारी संगीतकार म्हणून वर्षानुवर्षे, चित्रपटामागून चित्रपट करणारी स्त्री त्यांच्याआधी दिसत नाही. ‘जन्मभूमी’, ‘इज्जत’, ‘सावित्री’, ‘निर्मला’, ‘भाभी’, ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ अशी ही यादी १९४१ पर्यंत जाते. अखेरच्या काही चित्रपटांत रामचंद्र पाल त्यांच्या जोडीला होते.

त्यांच्या चाली कुठे गेल्या?

‘जीवन नैया’मधले अशोक कुमार यांचे एक उदास गाणे धाकट्या भावाच्या, किशोर कुमार यांच्या, मनात राहिले. १९६१ च्या ‘झुमरू’त ते त्यांनी नव्याने गायले आणि आज ते किशोर यांचेच मानले जाते. ‘झूला’मध्ये अशोक कुमार यांनी गायलेले एक मिश्कील गाणे तर १९६८ च्या ‘पडोसन’मध्ये पोहोचले. मेहमूद आणि सुनील दत्त खिडक्यांतून भांडतात ती जुगलबंदी. मोबाइलवर दोन्ही ऐकता येतात. लागोपाठ ऐकून पाहा. नव्यातला सगळा धुडगूस आर. डी. बर्मन यांचा, पण मुखड्याचा सांगाडा मालाडचा आहे.

बॉम्बे टॉकीजनंतर काय झाले?

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मन तंत्रज्ञांची रवानगी नजरकैदेत झाली. मे १९४० मध्ये हिमांशू राय गेले. स्टुडिओत गट पडले. १९४३ च्या ‘किस्मत’ला संगीत दिले ते अनिल विश्वास यांनी आणि तोवर सरस्वतीदेवी सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनकडे वळल्या होत्या. ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये त्यांचे संगीत आहे. पण आता पार्श्वगायक आले होते, वाद्यवृंद मोठे झाले होते, चालींची ठेवण बदलली होती. न गाणाऱ्याला गायला लावण्याचे त्यांचे कसब कुणाला लागेनासे झाले. चाळीसचे दशक सरता सरता त्यांचे नाव श्रेयनामावलीतून जवळजवळ नाहीसे झाले.

बॉम्बे टॉकीजही पन्नासच्या दशकात बंद पडली. मालाड पश्चिमेला त्या आवारात आज छोटे कारखाने आणि गाळे आहेत. रिक्षावाल्याला बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हटले की तो बरोबर नेतो.

सरस्वतीदेवी अविवाहित राहिल्या. म्हातारपणी बसमधून पडून त्यांचे कमरेचे हाड मोडले. चित्रपटसृष्टीतून विचारपूस करायला कुणी आले नाही, शेजाऱ्यांनी पाहिले. १९८० मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी त्या गेल्या.