विमानातून माश्या सोडणारा माणूस

लॉस एंजेलिसवर विमानातून लाखो माश्या सोडतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फेक फॉरवर्डच वाटला. पण ते खरं आहे, आणि त्यामागचं डोकं एडवर्ड निपलिंग यांचं.

१९०९ साली टेक्सासमध्ये, शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म. तिथे स्क्रूवर्म नावाची माशी गुरांच्या जखमेत अंडी घालायची आणि अळ्या जिवंत मांस खायच्या. पुढे कीटकशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या माशीची मादी आयुष्यात साधारण एकदाच मीलन करते. मग तिला वंध्य नरच भेटला तर? किडे संपवायला किडेच वाढवायचे, हे अनेकांना वेडगळ वाटलं. शिवाय नर वंध्य करायचे कसे, हेही माहीत नव्हतं. १९५० च्या सुमारास उत्तर मिळालं: क्ष-किरण. सहकारी रेमंड बुशलँड यांनी ते करून दाखवलं.

मला आवडतो तो निपलिंगचा हिशोब. समजा १० लाख माद्या आणि तेवढेच नर आहेत. दर पिढीला २० लाख वंध्य नर सोडायचे. पुढच्या पिढीत माद्या उरतात ३,३३,३३३. मग ४७,६१९. मग १,१०७. आणि त्यानंतर एकही नाही! पायथनमध्ये लिहून बघा, पाच-सहा ओळींचा लूप आहे. माश्या कमी होतात पण सोडलेले नर तेवढेच राहतात, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीपेक्षा जड पडते. औषध फवारणीचं नेमकं उलट असतं.

१९५४ मध्ये कुरसाव बेटावर हा प्रयोग झाला आणि काही महिन्यांत तिथली स्क्रूवर्म संपली.

फळमाशीचा प्रश्न मात्र शहरातला होता. १९८१ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत भूमध्य फळमाशीसाठी रात्री हेलिकॉप्टरमधून घरांवर मॅलॅथिऑन फवारलं गेलं आणि लोक भडकले. लॉस एंजेलिस परिसरात १९९६ पासून निपलिंगच्या पद्धतीने वंध्य माश्या कायम सोडतात. निपलिंग २००० साली गेले, म्हणजे हे त्यांच्या हयातीतच सुरू झालं.

आता एक अडचण. परसातल्या झाडांवर गंधाचे सापळे टांगलेले असतात, त्यात सोडलेल्या माश्याही अडकतात. मग खरी घुसखोर कोणती? सोडण्याआधी कोषांना चमकणारा रंग लावतात, तो माशीच्या अंगावर राहतो. प्रयोगशाळेत अतिनील दिव्याखाली एखादी चमकली नाही, की तिची आणखी तपासणी होते. ती जंगली निघाली तर त्या भागात लगेच जास्त सापळे लागतात.