सर्कशीतला पैलवान बॉक्सिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण त्याची ताकद किती खरी होती?

२९ जून १९३३. न्यूयॉर्कमध्ये हेवीवेट बॉक्सिंगच्या वर्ल्ड टायटलची मॅच सुरू होती. सहाव्या राऊंडला प्रिमो कार्नेराचा उजवा अपरकट बसला, जॅक शार्की आडवा झाला आणि इटलीला पहिला हेवीवेट वर्ल्ड चॅम्पियन मिळाला. पण लोकांचा विश्वास बसेना. शार्की खरंच पडला की ठरवून? मॅच खरी होती असं शार्की आयुष्यभर सांगत राहिला, तरी संशय काही गेला नाही.

कारण होतं कार्नेराचा इतिहास.

१९०६ साली उत्तर इटलीतल्या सेक्वाल्स गावात, गरीब घरात त्याचा जन्म झाला. पोटासाठी पोरवयातच तो फ्रान्सला गेला. गडी वाढला तो थेट साडेसहा फुटांच्या जवळपास, वजन ११८ किलोंच्या आसपास. सर्कशीत ताकदीचे खेळ करताना एका माजी बॉक्सरची नजर त्याच्यावर पडली, मॅनेजर मिळाला आणि १९२८ मध्ये पॅरिसला पहिली फाईट झाली.

त्या काळी ७९ किलोंच्या वर गेलात की तुम्ही हेवीवेट, पुढे मर्यादाच नाही. म्हणजे ८५ किलोंच्या माणसासमोर १२० किलोंचा माणूस उभा करता यायचा. अमेरिकेतल्या गुंडांना यात धंदा दिसला. १९३० पासून त्याच्या एकामागोमाग एक मॅच लावल्या गेल्या. समोरचे पटापट पडायचे आणि त्यातले बरेच जण पैसे घेऊन किंवा धमकीला घाबरून पडतात, अशी चर्चा होती. हे सगळं कार्नेराला किती माहीत होतं, यावर आजही वाद आहेत.

फेब्रुवारी १९३३ मध्ये मात्र विषय गंभीर झाला. कार्नेराशी लढताना तेराव्या राऊंडला कोसळलेला अर्नी शाफ चार दिवसांनी गेला. एवढ्या धिप्पाड माणसाला लहान बॉक्सरसमोर उतरवावं का, यावर न्यूयॉर्कमध्ये रान पेटलं. खरंतर शाफची तब्येत आधीच बिघडलेली होती आणि काही महिन्यांपूर्वी मॅक्स बेअरने त्याला बेदम मारलं होतं. पण नाव लागलं कार्नेराचं.

आता मुद्द्याचं. नुसता आकार किती कामाला येतो, हे त्याच्या नंतरच्या काळातल्या तीन मॅचमध्ये दिसतं.

मार्च १९३४, मायामी. समोर टॉमी लॉफ्रन. पाय हलके, डावा हात सुरेख, पण ठोशात दम नाही. वजनातला फरक ३८ किलोंच्या आसपास. लॉफ्रन ठोसे मारत राहिला, कार्नेरा त्याच्या अंगावर रेलत राहिला. पंधरा राऊंडनंतर जिंकला कार्नेरा. ताकद नसलेल्या कौशल्याला वजनाने दमवता येतं.

जून १९३४, मॅक्स बेअर. हा बॉक्सिंगचा अभ्यासू विद्यार्थी वगैरे नव्हता, पण त्याचा उजवा हात म्हणजे हातोडा. अकरा राऊंडमध्ये कार्नेरा दहा-अकरा वेळा खाली पडला. दरवेळी उठला, आणि टायटल गेलं.

तिसरा होता जो लुईस. १९३५ मध्ये यँकी स्टेडियमवर हा २१ वर्षांचा पोरगा कार्नेरापेक्षा जवळपास ३० किलोंनी हलका होता, पण त्याच्याकडे कौशल्य आणि ताकद दोन्ही. बॉक्सिंगमध्ये ठोशाचा जोर पायातून निघतो, कमरेतून फिरतो आणि वेळ साधली तरच पोचतो. लुईसचं हे अंग उपजत वाटावं इतकं सहज होतं. सहाव्या राऊंडला रेफरीने मॅच थांबवली.

कार्नेरा अगदीच अडाणी बॉक्सर होता असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. त्याचा डावा जॅब बरा होता, आकाराच्या मानाने पायही चालायचे. त्याला शिकायला वेळच दिला नाही, गल्ला भरायची घाई होती. त्या गल्ल्यातलं त्याच्या हाती फारसं उरलंही नाही.

पैसा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेतल्या कुस्तीत. तिथे निकाल आधीच ठरलेला असतो हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. लोक त्याला बघायला गर्दी करायचे. १९५३ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

१९५६ मध्ये त्याच्या आयुष्याशी मिळताजुळता, ठरवून जिंकवलेल्या धिप्पाड बॉक्सरचा हॉलिवूडपट आला. कार्नेरा कोर्टात गेला आणि हरला.

शेवटी आजारी पडल्यावर तो सेक्वाल्सला परतला. तिथेच त्याचं निधन झालं, तारीख होती २९ जून १९६७. शार्कीला हरवल्याला त्या दिवशी बरोबर ३४ वर्षं झाली होती.