रेव्हरंड टिळकांनी देवाला पहिली जागा दिली, पण त्याची किंमत घरातल्या कुणी मोजली?

मुंबईहून नाशिकला निघालं की कसारा घाट चढून इगतपुरी लागतं आणि त्यापुढे घोटी. भातगिरण्यांचं गाव. भंडारदऱ्याला जाणारे इथून वळतात, नाशिकवाले सरळ पुढे जातात. दीडशे वर्षांपूर्वी कल्याणकडून नाशिकला विद्या शिकायला येणाऱ्या मुलांचीही हीच दिशा होती.

१८७० च्या दशकात असाच एक मुलगा नाशिकला पोचला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई गेलेली, वडील तापट, घर असून नसल्यासारखं. नाशिकमध्ये त्याने गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृतचे धडे घेतले. या मुलाचं नाव नारायण वामन टिळक.

लोकमान्य टिळकांशी गल्लत करू नका. हे रेव्हरंड टिळक. पारध्याचा घाव लागलेल्या पक्षिणीची कविता शाळेत वाचली असेल, तर ती यांचीच.

ख्रिस्ती घरांमध्ये एक गोष्ट लहानपणापासून कानावर पडते. आयुष्यात पहिली जागा देवाची, बाकी सगळं नंतर. रविवारी चर्चमध्ये हे पटतंही. पण सोमवारी सकाळी, पगाराच्या दिवशी, नवराबायकोच्या भांडणात याचा अर्थ काय होतो? टिळकांच्या आयुष्यात हा प्रश्न रोज उभा राहिला.

१८८० च्या सुमारास त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरची, अकरा-बारा वर्षांची. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखली गेली. लग्नानंतरही टिळकांचा पाय एका जागी टिकला नाही. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात काम. नागपूरला अप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांवर काम केलं.

पोटाची चिंता होतीच, पण डोक्यात वेगळंच काही चाललेलं. जातिभेद न मानणारा, माणसाला माणूस म्हणून वागवणारा धर्म कसा असेल, याचा ते विचार करत होते.

अशातच १८९३ च्या आसपास राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा झाल्या आणि उतरण्याआधी त्याने बायबलमधला नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. अन्नवस्त्राची काळजी करत बसू नका, आधी देवाच्या राज्याचा शोध घ्या, असं येशू लोकांना सांगतो, ते याच प्रवचनात.

पण पटणं वेगळं आणि पाऊल उचलणं वेगळं. घरी बायको, लहान मुलगा दत्तू, सासरमाहेरची सनातनी माणसं. त्या काळात ब्राह्मणाने धर्म बदलला की घरच्यांच्या लेखी तो मेल्यातच जमा व्हायचा. अखेर १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी बातमी पोचली आणि आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई सोवळंओवळं काटेकोर पाळणाऱ्या घरातल्या. नवरा जिवंत असून दुरावला. त्यांच्या मनाची काय अवस्था झाली, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. देवाला पहिली जागा टिळकांनी दिली होती, पण संसार मोडला होता तो लक्ष्मीबाईंचा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

इथे एका कायद्याची माहिती हवी. इंग्रज सरकारने १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या लग्नाबद्दल कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर ठरलेली मुदत आणि कोर्टाची प्रक्रिया पार पाडून लग्न मोडता यायचं. म्हणजे नव्याने संसार थाटायची वाट टिळकांना मोकळी होती.

त्या वाटेने टिळक गेले नाहीत. ते पत्रं लिहीत राहिले. सुमारे साडेचार-पाच वर्षं गेली आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरकडे त्यांच्यासोबत राहायला आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच. स्वतःचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं कडक. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातलं जातीचं जोखड स्वतःहून गळून पडलं आणि मग, आपल्या वेळेने, त्याही ख्रिस्ती झाल्या.

देवाला पहिली जागा देणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मनावर मालकी सांगितली नाही, ही या आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट.

बाकी संसार मात्र सोपा नव्हता. घरखर्चाचे पैसे वाटेत एखाद्या गरजूच्या हातात जायचे. पाहुणे न सांगता यायचे. प्लेग आणि दुष्काळाच्या काळात अनाथ मुलं घरात आली. पुढे बालकवी ठोंबरेही या घरात राहिले. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले, तरी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. दार उघडायचे टिळक आणि चूल पेटवायच्या लक्ष्मीबाई. यावरून घरात खटके उडायचे, तेही लक्ष्मीबाईंनी लपवलेलं नाही.

देव आधी म्हणजे साहेबी थाट आधी, असं टिळकांनी कधी मानलं नाही. त्यांनी आडनाव बदललं नाही की मराठीपण सोडलं नाही. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं ते मानायचे. म्हणून त्यांनी चर्चमध्ये भजन आणि कीर्तन आणलं आणि मराठी चालीत बसणारी गीतं लिहिली. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची गीतं गायली जातात. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळली.

मग आलं १९१७ साल. वय पंचावन्नच्या पुढे. वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनचं काम केलेलं, दर महिन्याला ठरलेला पगार. त्या वयात माणूस म्हातारपणाची सोय बघतो. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्याला मुक्काम हलवला.

तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या कुणालाही यात जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो की नसो. विदेशी मिशनच्या पैशावर न चालणारी, इथल्या मातीतली ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांना उभी करायची होती. पगार घेऊन हे सांगितलं तर लोकांना पटणार नाही, हे त्यांना कळत होतं. डोंगरावरच्या प्रवचनाचा धडा चोवीस वर्षांनी त्यांनी स्वतःच्या खिशाला लावून बघितला.

पण वेळ कमी पडला. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. दरबाराचं स्वप्न अर्धं राहिलं. येशूच्या जीवनावर लिहायला घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही दहा-अकरा अध्यायांवर थांबलं.

ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईंनी ख्रिस्तायनाचे आणखी चौसष्ट अध्याय रचले. सोबत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मराठीतल्या सगळ्यात प्रांजळ आत्मचरित्रांत तिचं नाव घेतलं जातं. त्यात टिळकांचा विसराळूपणा आहे, राग आहे, उधळेपणा आहे आणि त्यांच्यावरचं प्रेमही आहे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या.

ज्या बाईला १८९५ मध्ये कुणी काही विचारलं नव्हतं, तिनेच पुढे टिळकांचं अर्धं राहिलेलं काम हातात घेतलं. टिळकांनी देवाला पहिली जागा दिली आणि तिची वाट बघितली. त्या वाट बघण्याची किंमत दोघांनी मोजली, पण हिशेब लिहून ठेवला तो लक्ष्मीबाईंनी.