विश्लेषण : चेहऱ्यावरच्या निळ्या डागाला नाव देणारे डॉ. ओटा कोण होते? या डागाचा मेंदूशी काय संबंध?

एका डोळ्याभोवती, कपाळावर आणि गालावर पसरलेले निळसर-करडे लासे. काहींच्या डोळ्याचा पांढरा भागही निळसर दिसतो. या खुणेला ‘नेव्हस ऑफ ओटा’ म्हणतात. बहुतेकांना तिच्यामुळे आयुष्यभर आजार होत नाही. मात्र अत्यंत विरळ रुग्णांत डोळ्यात किंवा मेंदूच्या आवरणात मेलॅनोमा हा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. हे नाव कोणाचे आणि धोका नेमका कसा?

कोण होते डॉ. ओटा?

मासाओ ओटा यांचा जन्म १८८५ मध्ये जपानमधील आजच्या इतो शहरात व्यापारी कुटुंबात झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती. घरच्यांनी त्यांना डॉक्टरकीकडे वळवले. टोकियोत वैद्यकीय शिक्षण घेतानाच ते ‘किनोशिता मोकुतारो’ या टोपणनावाने कविता आणि नाटके लिहू लागले. जपानमध्ये आजही त्यांची ओळख कवी म्हणून अधिक आहे.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी मांचुरियातील मुकदेनमध्ये अध्यापन केले. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये त्वचेवरील बुरशीचा अभ्यास केला. पुढे नागोया, सेंदाई आणि १९३७ पासून टोकियो येथे ते प्राध्यापक होते. कुष्ठरुग्णांना केवळ वेगळे ठेवण्यापेक्षा औषध शोधावे, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांनी काय शोधले?

असे डाग आधीही दिसत होते. ओटा यांनी १९३९ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेच्या वरच्या दोन शाखा जिथे पसरतात, त्याच भागात हा डाग येतो, हे त्यांनी मांडले. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी फुला-पानांची ८७२ चित्रे काढली. ऑक्टोबर १९४५ मध्ये पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

डाग मेंदूत ‘शिरतो’ का?

नाही. रंगपेशी गर्भात मज्जासंस्थेच्या कडेला तयार होतात आणि तिथून त्वचेकडे जातात. काही पेशी वाटेतच त्वचेच्या खोल थरात, डोळ्यात किंवा मेंदूच्या आवरणात राहतात. म्हणजे गालावरच्या आणि आवरणातल्या पेशी एकाच कुळातल्या. ओटा यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी, २००९ मध्ये, अशा पेशींत ‘जीएनएक्यू’ या जनुकातील बदल आढळला. तेवढ्याने कर्करोग होत नाही. पुढे आणखी बदल साचले, तरच क्वचित गाठ वाढते.

काय काळजी घ्यावी?

लेझरने त्वचेवरचा डाग फिका होतो; डोळ्यातील वा मेंदूच्या आवरणातील पेशी तशाच राहतात. त्यामुळे लेझरनंतरही नेत्रतज्ज्ञांकडून नियमित तपासणी करावी. डागात गाठ येणे, नजर अंधूक होणे, सतत वाढणारी डोकेदुखी किंवा नव्याने झटके येणे, यांपैकी काही जाणवल्यास डॉक्टरांना या डागाबद्दल आवर्जून सांगावे.