रायफलीवर नाव नसलेले मोसिन

जुन्या लष्करी बंदुकांचे संग्राहक जगभर जिला ‘मोसिन-नागाँ’ म्हणतात, ती रायफल १८९१ मध्ये रशियन सैन्यात दाखल झाली तेव्हा तिला कोणाचेच नाव नव्हते.

वोरोनेझ प्रांतातील रामोन गावी १८४९ मध्ये जन्मलेले सर्गेई इव्हानोविच मोसिन हे तोफखान्याचे अधिकारी. तोफखाना अकादमीतील शिक्षण आटोपून १८७५ मध्ये ते तुला येथील शस्त्र कारखान्यात रुजू झाले. तेथेच वरवरा आर्सेन्येवा या विवाहितेवर त्यांचा जीव जडला. घटस्फोट देण्यासाठी तिच्या पतीने ५० हजार रुबल मागितले. पगारावर जगणाऱ्या अधिकाऱ्याने एवढी रक्कम आणावी कोठून?

नव्या रायफलीच्या स्पर्धेत बेल्जियमचे लेऑन नागाँ त्यांचे प्रतिस्पर्धी होते. स्वीकारली गेलेली रचना मुख्यत्वे मोसिन यांची. गोळ्यांच्या क्लिपसारखे काही भाग नागाँ यांचे. मोबदला मात्र नागाँ यांना दोन लाख रुबल, तर मोसिन यांना अवघे ३० हजार! त्यावर झार तिसरे अलेक्झांडर यांनी नाव गाळून ‘तीन लाइनची रायफल, नमुना १८९१’ एवढेच ठेवले. (तीन लाइन म्हणजे ७.६२ मिलिमीटर.) त्या पैशांनी वरवरा यांची सुटका मात्र झाली आणि दोघे विवाहबद्ध झाले.

१८९४ पासून सेस्त्रोरेत्स्क कारखान्याची धुरा वाहणारे मोसिन १९०२ मध्ये न्यूमोनियाने निवर्तले. वय अवघे ५२. त्यांची रायफल दोन्ही महायुद्धांत लढली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर गोदामांतील ग्रीसने माखलेल्या असंख्य रायफली अमेरिकेतील हौशी संग्राहकांच्या घरी पोहोचल्या.