तार आपटणारा बार्टोक

हायडनचे स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चार सुसंस्कृत माणसांच्या गप्पा: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्याच वाद्यांवर हंगेरीच्या बेला बार्टोकने काय करावे! १९२८ च्या चौथ्या क्वार्टेटमध्ये एक अख्खा भाग गजाविना, नुसता बोटांनी छेडलेला. मध्येच तार अशी खेचायची की ती पट्टीवर आपटावी. प्रथम ऐकताना मला तार तुटलीच वाटली.

१८८१ मध्ये जन्मलेला हा माणूस फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी शेतकऱ्यांची गाणी टिपत हिंडला. रांगडेपणा तिथलाच असावा.

सहावे, शेवटचे क्वार्टेट १९३९ च्या नोव्हेंबरात पुरे झाले. महायुद्ध पेटले होते. शेवट वेगवान करायचा बेत त्याने मोडला. प्रत्येक भागाआधी येणारी उदास धूनच अखेरचा भाग व्यापून उरते. डिसेंबरात आई गेली. पुढच्या वर्षी त्याने देश सोडला. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला; बुडापेस्टला परतले ते अवशेष, १९८८ मध्ये.